विश्लेषण : अवघड इंग्रजी म्हणजे चांगले इंग्रजी? गोपाळ कृष्ण गोखले यांचे आयुष्य काय सांगते?

पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. अशा कारखान्यांत शिफ्टचे लॉगबुक, वर्क परमिट, ड्रमवरच्या सूचना आणि वरिष्ठांना जाणारे ई-मेल यांतले बरेचसे इंग्रजीत असते. ते लिहिणाऱ्यांत दौंड, इंदापूर, बारामतीच्या मराठी शाळांतून शिकून आलेले अनेक जण आहेत. इंग्रजी लिहायचे म्हटले की जड शब्द वापरायचे, लांबलचक वाक्य करायचे, असा समज अजूनही पक्का आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गरीब घरातून आलेल्या मराठी तरुणापुढेही हाच प्रश्न होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तो कसा सोडवला, त्यासाठी काय कष्ट घेतले आणि कुठे ठेच खाल्ली, याचा हा आढावा.

प्रश्न नेमका काय आहे?

इंग्रजी चुकते म्हणजे दर वेळी व्याकरण चुकते असे नाही. अनेकदा व्याकरण बरोबर असते, पण त्या भाषेत तसे कोणी म्हणत नाही. मराठीत आपण परीक्षा ‘देतो’, इंग्रजीत ती ‘टेक’ करतात. मराठीत ताप ‘येतो’, इंग्रजीत तो ‘हॅव’ या क्रियापदाने सांगतात. मराठी वाक्याचा शब्दाला शब्द ठेवला की अवघडलेले इंग्रजी तयार होते. हा झाला एक प्रकार.

दुसरा प्रकार कचेरीतून आलेला आहे. ‘काइंडली डू द नीडफुल’, ‘फाइंड द सेम अटॅच्ड’, ‘रिव्हर्ट बॅक’ ही त्याची उदाहरणे. यातले काही प्रयोग एके काळी इंग्लंडमध्येही रूढ होते. तिथे ते मागे पडले, इथल्या अर्जांत आणि पत्रांत टिकून राहिले. त्यांना सरसकट चूक म्हणता येत नाही, पण त्यातून नेमके काय करायचे ते कळत नाही. ‘नीडफुल’ म्हणजे कोणती गोष्ट, ती कोणी करायची, केव्हा करायची, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. लग्नपत्रिकेत हे खपून जाते. रसायनाच्या टाकीवर काम करणाऱ्याला दिलेल्या सूचनेत ते खपत नाही.

गोखल्यांचा इंग्रजीशी संबंध कसा आला?

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. कारकुनीपासून ते फौजदारीपर्यंत पोहोचले. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाला कोल्हापुरात शिकण्यासाठी पाठवले. उरलेल्या सात रुपयांत घर चालायचे. गोपाळरावांच्या लेखी इंग्रजी शिक्षणाची किंमत अशी घरच्या ताटातून वजा होत होती.

१८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये त्यांनी बी.ए. केले. एल्फिन्स्टनचे प्राचार्य विल्यम वर्ड्सवर्थ हे त्याच नावाच्या प्रसिद्ध कवीचे नातू. अस्सल इंग्रजी रोज कानावर पडावे, अशी ही संधी होती. मात्र ती काही महिन्यांची आणि वर्गापुरती. गोखल्यांच्या घरी इंग्रजी नव्हते, गावातही नव्हते. जे मिळवायचे ते पुस्तकांतूनच मिळवावे लागणार होते.

पाठांतराने भाषा नैसर्गिक कशी होते?

गोखल्यांची स्मरणशक्ती विद्यार्थिदशेपासूनच प्रसिद्ध होती. एडमंड बर्क यांच्यासारख्या लेखकांचे उतारेच्या उतारे त्यांना मुखोद्गत होते. आज पाठांतराला आपण घोकंपट्टी म्हणून हिणवतो. गोखल्यांच्या बाबतीत मात्र त्याचा एक वेगळा परिणाम झाला. ते सुटे शब्द पाठ करत नव्हते, संपूर्ण वाक्ये पाठ करत होते. त्यामुळे कोणत्या क्रियापदाबरोबर कोणते नाम बसते, कोणत्या शब्दापुढे कोणते अव्यय येते, हे त्यांच्या कानात मुरले. शब्दकोशातून निवडलेला शब्द अर्थाने बरोबर असूनही वाक्यात परका वाटू शकतो. वाक्यासकट आलेला शब्द आपली जागा बरोबर घेऊन येतो.

त्या काळी इंग्रजी शिकण्याचा दुसरा राजमार्ग होता भाषांतराचा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. पाठमालेने भाषेचा सांगाडा दिला, वाक्यरचना पक्की केली. भाषांतराच्या पद्धतीची मर्यादा एवढीच की, मनात आधी मराठी वाक्य तयार होते आणि मग त्याला इंग्रजी कपडे चढवले जातात. गोखल्यांच्या पाठांतराने ही मधली पायरी गळून पडली.

जानेवारी १८८५ पासून ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपये पगारावर शिकवू लागले. १८८६ मध्ये ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे सांगाल ते विषय शिकवू लागले. एक आठवण चरित्रकार सांगतात. साउदी यांनी लिहिलेले नेल्सनचे चरित्र शिकवायचे होते. त्यात जहाजाच्या शिडांची, दोरखंडांची, भागांची नावे पानोपानी येतात. कोशातले अर्थ सांगून तास उरकता आला असता. गोखले मुंबईच्या बंदरात गेले, जहाजे पाहिली, कोणत्या वस्तूला काय म्हणतात ते विचारून घेतले आणि मग वर्गावर गेले. वस्तू डोळ्यांसमोर असेल तरच शब्द नेमका येतो, हा धडा त्यांनी शिक्षक असतानाच स्वतःला घालून दिला होता. गणिताची आकडेमोड शिकवणारे त्यांचे पाठ्यपुस्तकही शाळांतून चालले. आकडा आणि शब्द यांची जोडी त्यांच्या लेखनात पुढे आयुष्यभर राहिली.

न्यायमूर्ती रानडे यांनी काय शिकवले?

पाठांतराचा एक धोका असतो. बर्क मुखोद्गत असलेला तरुण साध्या अर्जातही बर्कसारखी वाक्ये लिहू लागतो. गोखल्यांना या मोहातून बाहेर काढले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गोखले त्यांच्या सहवासात आले आणि जानेवारी १९०१ मध्ये रानडे यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या हाताखाली तयार होत राहिले.

पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे आले. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केले, त्याच्या इंग्रजी भागाची बाजूही गोखल्यांनी काही काळ सांभाळली. सभेच्या वतीने सरकारकडे निवेदने जात. त्यांचे मसुदे रानडे तपासत. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे जुळवायचे, मसुदा करायचा, तो रानडेंना दाखवायचा आणि पुन्हा लिहायचा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. अशा मेहनतीने तयार केलेल्या एका निवेदनाला सरकारचे दोन ओळींचे कोरडे उत्तर आले तेव्हा गोखले खट्टू झाले. रानडे यांनी त्यांची समजूत घातली ती अशी की, ही निवेदने नावापुरती सरकारला असतात. खरी ती आपल्याच लोकांसाठी असतात, सार्वजनिक प्रश्नाचा विचार कसा करावा हे त्यातून त्यांना कळावे म्हणून.

भाषेच्या दृष्टीने या शिकवणीला फार महत्त्व आहे. वाचणारा फक्त साहेब असेल तर लिहिणारा त्याच्यावर छाप पाडायला जातो. वाचणारा आपला शेजारी असेल तर त्याला समजावून सांगावे लागते. गोखल्यांच्या इंग्रजीत समजावून सांगणाऱ्या शिक्षकाचा जो स्वर आहे तो इथून आला.

त्या काळात अवघडलेल्या इंग्रजीची किंमत काय होती?

ब्रिटिशांनी हिंदी लोकांच्या अलंकारिक इंग्रजीला ‘बाबू इंग्लिश’ असे नाव ठेवले होते. त्यावर विनोद चालत, व्यंगलेख येत. एफ. अॅन्स्टी या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज विनोदी लेखकाने तर असे अगडबंब, चुकीच्या जागी वाक्प्रचार पेरलेले इंग्रजी बोलणारा एक हिंदी पदवीधरच नायक म्हणून उभा केला. ‘बाबू जबरजी, बी.ए.’ हे ते पुस्तक १८९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. थट्टेचा फायदा सत्ताधाऱ्यांना मिळत होता. समोरचा माणूस हास्यास्पद बोलतो म्हटले की तो काय म्हणतो ते ऐकण्याची गरज उरत नाही.

योगायोग असा की त्याच १८९७ मध्ये गोखले प्रथमच इंग्लंडला गेले. भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे त्यांची साक्ष होती. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रमण्य अय्यर हेही साक्षीसाठी आले होते. गोखल्यांना तेव्हा एकतीसही पूर्ण नव्हती. वाटेत फ्रान्समधील कॅले येथे रेल्वेचा दरवाजा छातीवर आदळून त्यांना गंभीर दुखापत झाली होती. तरीही एप्रिलमध्ये त्यांनी साक्ष दिली आणि आयोगाच्या सदस्यांच्या उलटतपासणीला तोंड दिले. लेखी निवेदन घरी बसून सजवता येते, उलटतपासणीत ते जमत नाही. तिथे प्रश्न समजून क्षणात उत्तर द्यावे लागते. लष्करी खर्च, करांचा बोजा, वरच्या जागांवरून हिंदी लोकांना वगळणे, या मुद्द्यांवर गोखल्यांनी आकड्यांनिशी उत्तरे दिली. या साक्षीदाराच्या भाषेला हसून विषय टाळण्याची सोय आयोगाला राहिली नाही.

मग माफीचे प्रकरण काय होते?

याच दौऱ्यात गोखल्यांना आयुष्यातला मोठा फटका बसला. त्या वर्षी पुण्यात प्लेगची साथ होती आणि घरांच्या तपासणीसाठी गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या नेमल्या होत्या. लोकांत प्रचंड संताप होता. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर असलेली पत्रे पुण्याहून गोखल्यांना लंडनला गेली. पत्रे विश्वासातल्या माणसांची होती. गोखल्यांनी ती हकिकत ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्रातून जाहीर केली. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला.

जुलैअखेर गोखले मुंबईला परतले तेव्हा पुण्यातले वातावरण पालटले होते. २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली होती, धरपकड सुरू होती. पुरावा घेऊन पुढे येण्यास कोणी तयार नव्हते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत आणि आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्येही त्यांच्याविषयी नाराजी होती. ही जखम त्यांच्या मनात अनेक वर्षे राहिली.

पुण्यात अत्याचार झालेच नाहीत, असा या माफीचा अर्थ होत नाही. अर्थ एवढाच की, गोखल्यांच्या हातात ते सिद्ध करण्याचे साधन नव्हते. भाषेच्या बाजूने पाहिले तर यातून एक कठोर गोष्ट दिसते. स्पष्ट वाक्य हे दुधारी शस्त्र असते. मोघम वाक्यातून माघार घेता येते, स्पष्ट वाक्याला पुरावा द्यावा लागतो. यानंतरच्या गोखल्यांच्या भाषणांत प्रत्येक विधानाखाली सरकारचाच अहवाल आणि सरकारचाच आकडा दिसतो, तो काही केवळ स्वभावाचा भाग नव्हता.

१९०२ च्या भाषणात वेगळे काय होते?

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय कायदेमंडळात गोखले अर्थसंकल्पावर प्रथमच बोलले. त्या वेळी बिनसरकारी सभासदांना अर्थसंकल्पावर मतदानाचा हक्क नव्हता. फक्त बोलता येत असे. म्हणजे हातात शब्दांखेरीज काहीही नव्हते.

अर्थसंकल्पात शिलकी रक्कम होती आणि ती दाखवून सरकार देशाच्या भरभराटीचा दाखला देत होते. गोखल्यांनी साधा प्रश्न उभा केला. देशात दुष्काळ आणि प्लेग असताना तिजोरीत शिल्लक पडते कशी? उत्तरही त्यांनी पायरी-पायरीने मांडले. रुपयाचा पौंडाशी असलेला भाव घसरत होता, तेव्हा इंग्लंडला द्यावयाच्या रकमांसाठी जास्त रुपये लागत होते. ती तूट भरण्यासाठी कर वाढवले. पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला, तूट गेली, पण वाढवलेले कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची नसून गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या कराची आहे. सर्वांत जास्त भार पडतो तो मिठावरील कराचा, कारण गरिबालाही मीठ लागतेच.

या मांडणीत न कळण्यासारखे काही नाही. आजच्या मानाने गोखल्यांची वाक्ये लांब आहेत, ती व्हिक्टोरियन काळाची धाटणी होती. पण शब्द ओळखीचे आहेत आणि ते इंग्रजी वाचकाला सवयीच्या जागीच भेटतात. आधी वस्तुस्थिती, मग आकडा, मग निष्कर्ष. विशेषणे कमी, उपमा जवळपास नाहीत. या भाषणामागे गणेश व्यंकटेश जोशी या मुख्याध्यापकांची मोठी मदत होती. सरकारी आकडेवारीचा त्यांच्याइतका जाणकार त्या काळी विरळा. विषय पक्का असला की भाषेला फुलोऱ्याची गरज पडत नाही, हे इथे दिसते.

१९०३ मध्ये मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०५ मध्ये तो दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची सूटही १९०३ मध्ये वार्षिक पाचशेवरून हजार रुपये उत्पन्नापर्यंत वाढवण्यात आली. हे सारे एका भाषणाने घडले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र मागणी स्पष्ट शब्दांत, आकड्यांसह सरकारी कागदावर आली होती आणि ती पुसता येण्यासारखी नव्हती.

साधे लिहावे हा विचार त्या वेळी खुद्द इंग्लंडमध्येही मूळ धरत होता. १९०६ मध्ये फाउलर बंधूंचे ‘द किंग्ज इंग्लिश’ हे पुस्तक आले. दूरचा शब्द सोडून ओळखीचा घ्यावा, लांब शब्दाऐवजी आखूड घ्यावा, असे त्यांनी इंग्रज वाचकांनाच बजावले. अवघडलेले इंग्रजी ही फक्त परक्यांची खोड नव्हती, एवढे त्यावरून कळते.

हे सहज सुचत होते का?

मुळीच नाही. गोखल्यांबरोबर काम केलेल्यांनी त्यांच्या मसुद्यांवरील कष्टांविषयी लिहून ठेवले आहे. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. पुढे समाजात आलेले श्रीनिवास शास्त्री स्वतः इंग्रजीचे असामान्य वक्ते म्हणून गाजले. गोखले एकेका शब्दासाठी किती अडून बसत, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

दुसरा साक्षीदार गांधीजी. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. जोहान्सबर्गच्या मोठ्या भाषणापूर्वी त्यांनी गांधीजींना एक विलक्षण काम सांगितले. मी काय बोलावे असे तुम्हाला वाटते ते कागदावर लिहून द्या, फार लांब नको आणि फार त्रोटकही नको. त्यातला एकही शब्द मी वापरला नाही तरी वाईट वाटून घ्यायचे नाही. गांधीजींनी मसुदा दिला. भाषण झाले आणि त्यात गांधीजींची शब्दरचना कुठेच नव्हती. स्थानिक माणसाची बाजू आधी समजून घ्यायची, पण ती सांगायची आपल्या शब्दांत, अशी ही पद्धत. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा चिकटवण्याच्या आजच्या काळात ती मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सोप्या इंग्रजीची मर्यादा कोणती?

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी सक्तीचे शिक्षण लागू करता यावे, अशी त्यात मर्यादित तरतूद होती. बाजू अत्यंत स्वच्छ मांडलेली होती. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. भाषा कितीही स्पष्ट असली तरी ज्याला पटवून घ्यायचे नाही त्याला ती पटवू शकत नाही.

दुसरी मर्यादा जास्त खोल होती. टिळकांची मराठी ‘केसरी’तून गावोगावी पोहोचत होती. गोखल्यांचे इंग्रजी कायदेमंडळात आणि लंडनमध्ये पोहोचत होते, पण शेतसारा भरणाऱ्या माणसाला ते कळत नव्हते. ज्याच्या मिठासाठी ते भांडले त्याला त्यांचे भाषण वाचता येत नव्हते. मवाळांच्या राजकारणावर अर्जविनंत्यांचे राजकारण अशी टीका झाली, त्यामागे भाषेचे हे अंतरही होते.

दक्षिण आफ्रिकेतच या प्रश्नाला एक छान वळण मिळाले. तिथल्या हिंदी लोकांच्या सभेत गोखले इंग्रजीत बोलणार होते. श्रोत्यांत कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय होते. गांधीजींनी आग्रह धरला की त्यांनी मराठीत बोलावे, हिंदुस्थानीत भाषांतर मी करतो. गांधीजींना मराठी ते कितीसे येते, अशी गोखल्यांनी थट्टा केली, पण ऐकले. पुढे त्या दौऱ्यात हिंदी लोकांपुढे ते मराठीत बोलत आणि गांधीजी भाषांतर करत. इंग्रजीवर इतकी मेहनत घेतलेल्या माणसाने समोर कोण बसले आहे ते पाहून इंग्रजी बाजूला ठेवले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज कुरकुंभमध्ये याचा उपयोग काय?

समजा, वर्क परमिटवर असे लिहिले आहे : ‘व्हॉल्व्ह पोझिशन मे बी चेक्ड अँड नीडफुल मे बी डन.’ यात व्याकरणाची मोठी चूक काढता येणार नाही. पण कोणता व्हॉल्व्ह, तो उघडायचा की बंद करायचा, कोणी आणि केव्हा, यांपैकी काहीही कळत नाही. त्याऐवजी ‘क्लोज व्हॉल्व्ह थ्री बिफोर यू स्टार्ट द पंप’ असे लिहिले तर आठ शब्दांत काम होते आणि रात्रपाळीला नवीन आलेल्या माणसालाही ते समजते.

गोखल्यांच्या आयुष्यातून हाती लागणाऱ्या गोष्टी अशाच कामाच्या आहेत. सुटे शब्द पाठ करण्याऐवजी चांगली वाक्ये वाचावीत, मोठ्याने म्हणावीत, लक्षात ठेवावीत. वस्तू पाहून, समजून घेऊन मग तिचे नाव लिहावे. मसुदा एकदा लिहून सोडू नये, दुसऱ्याला दाखवावा. सिद्ध करता येईल तेवढेच स्पष्टपणे लिहावे. सर्वांत आधी वाचणारा कोण आहे ते ठरवावे. ‘प्रीपोन’ हा शब्द भारतीय सहकाऱ्याला चटकन कळतो, परदेशी ग्राहकाला लिहिताना ‘मूव्ह अर्लियर’ म्हणणे बरे. शब्द चांगला की वाईट हे शब्दकोश एकट्याने ठरवत नाही, समोरचा माणूसही ठरवतो.

आणि समोरचा माणूस मराठीच वाचणारा असेल, तर धोक्याची सूचना सरळ मराठीत लिहावी. जोहान्सबर्गच्या सभांमध्ये गोखल्यांनी तेच केले होते.